काहिलीत उकळलेले कोट

अनुसया गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोटाच्या कॉलरला आतून इस्त्री करत होतो.

सकाळचे दहा वाजले होते. चार दिवस ती सांगलीला दवाखान्यात होती, काळजाच्या दुखण्यानं. मुलगी जवळ होती. आदल्या दिवशी संध्याकाळी अनुसया माझ्याशी फोनवर बोलली होती. "उद्याच्याला वरात हाय न्हवं? कॉलर आतनं फिरवा. वरनं फिरवून भागत न्हाई." एवढंच बोलली. ते शेवटचं आहे असं तिला वाटलं नाही आणि मलाही वाटलं नाही.

मुलगी म्हणाली, "आण्णा, आई गेली."

मी म्हटलं, "बरं."

फोन ठेवला आणि हातातली कॉलर पुरी केली. का केली ते मला आजही सांगता येत नाही. कॉलर अर्धी ओली सोडायची नाही हा तिचा नियम होता, तेवढाच त्या वेळी मला आठवत होता. मग इस्त्री बंद केली आणि बँडातल्या सर्जेरावला हाक मारली.

तो नियम अठरा वर्षांपूर्वी घरात आला. त्याचीच ही गोष्ट आहे.

त्या वर्षी श्रावणात एक माणूस आमच्या दारात आला. मुलीच्या लग्नाला आमचा बँड ठरवून गेलेला माणूस. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, आणि उठताना म्हणाला, "मास्तर, राग मानू नका. पन ती सुपारी परत द्या."

"का वं? तारीख बदलली?"

"तारीख न्हाई बदलली. पोरीच्या सासरचे म्हनत्यात, त्यो खाजऱ्यांचा बँड नको."

श्रावणातली ती तिसरी सुपारी परत गेली.

आमचा ऐवळे ब्रास बँड माझ्या बापानं काढलेला. चौदा माणसं आणि चौदा कोट. जाड लाल कापड, कॉलरला, छातीला नि बाह्यांना सोनेरी जर, खांद्यावर झुपके. बापानं एक दंडक घालून दिला होता: कोट पाण्यात घालायचा नाही. तुळशीच्या लग्नानंतर पेटी उघडायची, कोटांना हळदकुंकू लावायचं आणि अंगात घालायचे. लग्नसराई सरली की झटकायचे, अत्तर शिंपडायचं, परत पेटीत. पाण्यात घातला तर बरकत धुऊन जाते, असं बाप म्हणायचा. जर काळी पडते हे खरं कारण असावं, पण ते कोणी बोलत नव्हतं. ज्याच्या हाताला जो कोट लागेल तो त्यानं घालायचा, अंगात बसला म्हणजे झालं. मास्तरचा कोट तेवढा वेगळा. मी मास्तर झालो तेव्हा अनुसयानं माझा नवा कोट शिवला, आणि क्लॅरिनेट वाजवताना मी घालत होतो तो जुना पेटीत गेला.

त्या उन्हाळ्यात सगळ्या बँडला खाज सुटली. कोणाच्या मानेवर, कोणाच्या काखेत, कोणाच्या कमरेला पट्ट्याखाली लाल गोल चट्टे. घरात आम्ही त्याला नायटा म्हणतो. एका वरातीत नवरदेव घोड्यावर चढत असताना ट्रंपेटवाल्या सर्जेरावनं ट्रंपेट काखेत धरून मान खाजवली, आणि त्याच वेळी रमजानभाईंनी ढोलाची काठी स्वतःच्या कॉलरीत घातली. ठेका तुटला. घोडा बुजला. नवरदेव खाली आला नाही, पण फेटा आला. लोक पोट धरून हसले. तेव्हापासून 'खाजऱ्यांचा बँड' हे नाव आम्हाला चिकटलं.

ज्याच्यावर आळ आला तो सोपान जावीर. झरे गावचा. अक्षय तृतीयेला आमच्यात नवीन आलेला, उंच, बारीक अंगाचा पोरगा. क्लॅरिनेट असं वाजवायचा की वरातीतल्या बायका चालायच्या थांबायच्या. महिन्याभरात त्याची सगळी मान हनुवटीपर्यंत गोल चट्ट्यांनी भरली. इतरांचं कपड्याखाली झाकलेलं होतं, त्याचं उघड्यावर.

आषाढातली शेवटची वरात होती. नवरीचा मामा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "त्या पोराला पंगतीपासून लांब ठेवा. आन् वरातीतनं बी काढा."

मी सोपानला सगळ्यांच्या देखत म्हणालो, "कोट काढ. तू आल्यापासनं ही पीडा आली बँडात."

वऱ्हाड बघत होतं. माझी माणसंही बघत होती. सोपाननं माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलेल असं वाटलं. त्यानं कोट काढला, उलटा केला, कॉलरीकडे एकदा बघितलं, घडी घातली आणि बत्त्यांच्या गाड्यावर ठेवला. क्लॅरिनेट बँडचं होतं, तेही वर ठेवलं आणि पायी निघून गेला.

तर त्या श्रावणात तिसरी सुपारी परत नेणारा माणूस दारातून गेला आणि अनुसया आतून आली. तिच्या हातात कात्री होती.

"दसऱ्याला कारखान्याच्या मैदानावर बँडची स्पर्धा हाय म्हनत व्हतासा," ती म्हणाली.

"हाय. पन कोन घेतंय आमाला? मैदानात खाजवायला?"

"किती दिस हायेत?"

"दोन म्हैने."

"फुरं झाले," ती म्हणाली. "समद्यांस्नी बुधवारी सकाळी बोलवा. सरकारी दवाखान्यात नवी डॉक्टरीण आलीया. चामडीचं बघती."

मी म्हटलं, "डॉक्टर कशाला? मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब हाय की. मीच डझनभर वाटल्यात."

"ट्यूब लावून दोन दिस गार वाटतंय आन् तिसऱ्या दिवशी दुप्पट हुतंय. माझंच बघा की." तिनं डाव्या हाताची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत तीन गोल. मी ते पहिल्यांदा बघितलं. तिनं कधी सांगितलं नव्हतं.

बुधवारी आम्ही तेराजण दवाखान्याच्या व्हरांड्यात ओळीनं बसलो, शाळेतल्या पोरांसारखे. अनुसया सगळ्यात पुढं. डॉक्टर तडवी म्हणून बाई होत्या, तिशीच्या, बोलायला खणखणीत. एकेकाला आत घेत होत्या आणि दार उघडंच होतं, त्यामुळे सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू जात होतं.

"हे गजकर्ण आहे," बाई सर्जेरावला म्हणाल्या. "बुरशी असते ही. भाकरीला येते ना, तिच्यातलीच. घाम, ओल, घट्ट कपडा मिळाला की वाढते. हे बघा, मधे चामडी बरी दिसते. फसू नका. कड लाल आहे ना, तिथून ती पुढं सरकते आहे. मलम कडेच्या बाहेर दोन बोटं लावायचं. दिवसातून दोनदा. डाग गेला तरी पुढं दोन आठवडे लावायचं."

"डाग गेल्यावर कशाला, बाई?" सर्जेराव म्हणाला. "पाव्हना गेल्यावर कोन पाट मांडतंय व्हय?"

"हा पाहुणा गेलेला नसतो. दाराआड उभा असतो."

बाहेर सगळे हसले. मग बाईंनी टेबलावरची ट्यूब उचलली. "ही कोणी दिली? हिच्यात खाज दाबणारं कडक औषध मिसळलंय. खाज थांबते आणि बुरशी आत मोकाट सुटते. कोण वाटतंय ही?"

बारा माणसांनी माझ्याकडे बघितलं.

अनुसयाचा हात बघताना बाई म्हणाल्या, "तुम्ही पण वाजवता?"

"न्हाई. मी कोटाची जर शिवते."

"कशी?"

अनुसयानं करून दाखवलं. डावा हात कोपरापर्यंत कोटाच्या कॉलरीतून आत घालायचा, कापड हातावर ताणून धरायचं आणि उजव्या हातानं सुई मारायची. दाखवता दाखवता ती थांबली. तिनं हाताकडे बघितलं, मग बाहेर बसलेल्यांच्या मानांकडे. तिच्या तोंडावर असा आनंद आला की जणू हरवलेलं जनावर सापडलं.

"बाई, ही पीडा मानसात न्हाई. कोटात हाय!"

"दोन्हीत आहे," डॉक्टर हसून म्हणाल्या. "म्हणून दोन्हीला औषध. कपडे कढत पाण्यात धुवायचे, पुरते वाळवायचे, आतून इस्त्री करायची. कोणाचा कपडा, टॉवेल, कंगवा कोणी वापरायचा नाही. घरातल्यांनाही तपासायला आणा. आणि एकाच वेळी सगळ्यांनी. एक जरी राहिला तरी परत सुरू." मग त्यांनी बाहेर बघितलं. "आता राहिले मास्तर."

"मला काय न्हाई," मी म्हणालो.

"आवं, काय न्हाई कसं?" अनुसया सगळ्यांसमोर म्हणाली. "तुमचा करदोडा संक्रांतीपासनं खुंटीला लटकलाय. उगीच व्हय?"

व्हरांडा हसण्यानं दणाणला. रमजानभाई म्हणाले, "मास्तर, जावा आत. आमी डोळे झाकतो." मी आत गेलो. कमरेला पट्ट्याच्या जागी हातभर लांब पट्टा होता. बाईंनी तो बघितला आणि विचारलं, "किती दिवस?"

मी म्हणालो, "झाले थोडे." दार उघडं होतं. अनुसयानं ऐकलं.

मला आणि आणखी दोघांना गोळ्याही मिळाल्या. बाकीच्यांना मलम.

त्या दिवसापासून घर म्हणजे लग्नघर झालं. अनुसयानं ओसरीवर चौदा कोट ओळीनं पसरले आणि कात्री घेऊन जर उसवायला बसली. झुपके, पट्ट्या, गोंडे, सगळं. सर्जेरावची बायको आणि रमजानभाईंची आई मदतीला. मी म्हणत होतो, "अगं, बापाचा दंडक हाय. पान्यात घालायचं न्हाईत."

"मामंजी असते तर त्यांस्नी बी दवाखान्यात नेलं असतं," ती म्हणाली आणि उसवत राहिली.

सातवा कोट हातात आला तेव्हा ती थांबली. सोपाननं घडी घालून ठेवलेला तो. तिनं कॉलर उलटी केली आणि अंगठ्यानं आतल्या बाजूला एका जागी घासून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी ढोलाच्या दोऱ्या आवळत होतो. त्या आवळलेल्याच होत्या. तिनं कोट बाजूला ठेवला.

जेवताना म्हणाली, "सोपानला बोलवा."

"क्लॅरिनेट मी वाजवीन. आधी मीच वाजवत हुतो."

"वाजवायचं म्हनत न्हाई मी. झऱ्याला जाऊन त्याला सांगा, चूक झाली म्हून."

"जाईन की. स्पर्धा हुं दे."

चौदा जाड कोट उकळायचे कशात? घरातला हंडा दोन कोटांनीच भरला. तेव्हा अनुसयाला काहिलीची आठवण झाली. शिवारात एक गुऱ्हाळ होतं. पावसाळ्यात बंद. गुळासाठी उसाचा रस आटवायची ती लोखंडी कढई एवढी मोठी की तिच्यात दोन माणसं अंघोळ करतील. गुऱ्हाळवाले म्हणाले, "खाजऱ्यांचे कोट आमच्या काहिलीत? आमचा गूळ कोन घेईल?"

अनुसया म्हणाली, "काहील घासून देईन, वर सोड्यानं धुवून देईन. आन् तुमच्या पोरीच्या लग्नात फुकट वाजवू."

"पोरगी पाच वर्साची हाय."

"मग वाट बघू की!"

दिली त्यांनी काहील. चुलवाणात उसाची चिपाडं पेटली, पाणी खळखळलं, कोट पडले. चौघं लांब दांड्यांनी ढवळत होते. आणि मग सर्जेराव ओरडला, "मास्तर, रक्त!"

सगळं पाणी लाल झालं होतं. कोटांचा रंग सुटला. मी डोक्याला हात लावून बसलो. बापाचा बँड काहिलीत विरघळत होता. काढले तेव्हा कोट लाल राहिले नव्हते. डाळिंबाच्या कच्च्या दाण्यासारखा फिका गुलाबी रंग आला होता, तोही सगळ्यांना सारखाच.

"बायकांचा बँड झाला की," सर्जेराव म्हणाला.

"मग नीट वाजवाल," अनुसया म्हणाली. "दांडा हलव."

त्याहून मोठी पंचाईत वाळवायची. श्रावणात ऊन तोंड दाखवेना. जाड कापड आतून ओलं राहिलं तर सगळी मेहनत वाया, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. दोन दिवस कोट ओसरीवर लोंबत राहिले आणि कुबट वास सुटला. तिसऱ्या दिवशी रमजानभाई धावत आले. "वैनी, माझ्या मेव्हन्याची बेकरी! भट्टीच्या मागची खोली हाय. भिंतीला हात लागत न्हाई इतकी तापती."

चौदा कोट डोक्यावर घेऊन आम्ही बाजारातून निघालो. लोक विचारत होते, "कुनाची वरात?" रमजानभाई सांगत होते, "कोटांची!" दोन दिवसांत कोट खडखडीत वाळले. बेकरीवाल्यानं काही मागितलं नाही, फक्त म्हणाला, "आता ह्यांना बटरचा वास यील, त्यो जायचा न्हाई." आणि खरंच गेला नाही.

अनुसयानं जर पुन्हा शिवली. या वेळी प्रत्येक कोटाच्या कॉलरीत आतून प्रत्येकाची खूण घातली. सर्जेरावला पिवळ्या दोऱ्याची फुली, रमजानभाईंना निळा चंद्र. ज्याचा कोट त्यानंच घालायचा. प्रत्येकाला दोन सुती बनियन, एक टॉवेल, त्यांच्यावरही तीच खूण. रोज सकाळी तालमीच्या आधी ती ओसरीवर उभी राहून हजेरी घ्यायची. "मलम? अंग कोरडं केलं? बोटांच्या बेचक्या? काखा?"

"वैनी, बायकोनं सुद्धा एवढं कधी इचारलं न्हाई," सर्जेराव म्हणायचा.

"म्हून तर नायटा झाला. मान दाखव."

तीन आठवड्यांत खाज गेली. चार आठवड्यांत डाग विझायला लागले. सर्जेराव मलम सोडायला निघाला तेव्हा तिनं ट्यूब त्याच्या हातात परत कोंबली. "दाराआड उभा हाय त्यो. डॉक्टर काय म्हनाल्या?" आणि तालीम काय रंगायला लागली! हात मोकळे झाले की माणूस किती नीट वाजवतो ते मला तेव्हा कळलं. पोरं दिवसाला चार तास वाजवत होती. शेजारी तक्रार करायला यायचे आणि ऐकत बसायचे. क्लॅरिनेटला मात्र माझा दम अपुरा पडत होता. तिसऱ्या आलापाला मी हटकून तुटायचो. अनुसया आतून ऐकायची. दर वेळी तेवढ्या जागी तिचं भांडी घासणं थांबायचं.

दसऱ्याला कारखान्याचं मैदान माणसांनी फुललं होतं. नऊ बँड. आम्ही डाळिंबी कोटात उतरलो तेव्हा गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "आले खाजरे!" हशा पिकला. मग वारा आमच्याकडून गर्दीकडे गेला आणि दुसरा कोणीतरी म्हणाला, "आरं, बटरचा वास कुठनं येतोय?" पुन्हा हशा, पण हा वेगळा होता.

आम्ही भूपाळी घेतली, मग लावणीची चाल, मग धावती धून. चौदा माणसांच्या जागी तेराजण, पण एकाचाही हात वाद्यावरून हलला नाही. रमजानभाईंचा ढोल छातीत वाजत होता. सर्जेरावनं शेवटचा सूर इतका लांबवला की त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या, आणि ती मान स्वच्छ होती. मैदान उभं राहिलं. टाळ्या, शिट्ट्या, टोप्या हवेत. अनुसया बायकांच्या बाजूला बाकावर चढून उभी होती आणि दोन्ही हात वर करून ओरडत होती. तिला तसं ओरडताना मी कधी बघितलं नव्हतं.

शेवटचा बँड दिघंचीकडचा. काळे कोट. त्यांच्या पहिल्या ओळीत सोपान होता.

त्याच्या कॉलरीचं वरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं होतं. त्यानं क्लॅरिनेट ओठाला लावलं. जिथे मी तुटत होतो तिथून तो वर गेला, अजून वर गेला, आणि सगळं मैदान श्वास धरून उभं राहिलं. संपलं तेव्हा सर्जेराव माझ्या कानात म्हणाला, "मास्तर, ह्यो आपला हुता."

पहिला नंबर त्यांचा आला. दुसरा आमचा. चांदीचा मुलामा दिलेला पेला माझ्या हातात आला, आणि खाली उतरेपर्यंत दोन माणसांनी माझी बाही धरून पुढच्या सराईची सुपारी दिली. एक म्हणाला, "तो वासाचा बँड तुमचाच न्हवं?" पोरांनी मला खांद्यावर घेतलं. आमचं नाव परत आलं होतं.

अनुसया गर्दीतून आली. "आता चला," ती म्हणाली.

"कुठं?"

"सोपानकडं. आत्ता."

ती पुढं, मी चार पावलं मागं, हातात पेला. सोपान त्यांच्या टेम्पोजवळ उभा होता. तिला बघून तो वाकला आणि पाया पडला. ती त्याच्या गळ्याचं बटण काढायला लागली. तो मागं सरकला. "ऱ्हाऊ दे, वैनी."

"दाखव." तिनं बघितलं. चट्टे तसेच होते, खाली छातीपर्यंत गेलेले. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि मलमाची ट्यूब आणि डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागद त्याच्या हातात दिला. "कडंच्या भाईर दोन बोटं लावायचं. डाग गेल्यावर आनखी दोन आठवडे. तुझा कोट दुसऱ्याला देऊ नगंस. बुधवारी दवाखान्यात ये, मी हुभी ऱ्हाते." मग तिचा आवाज बदलला. "ही तुजी पीडा न्हाई रं बाबा. कोटातनं आली तुला."

"म्हाइत हाय, वैनी."

"काय म्हाइत हाय?"

सोपाननं माझ्याकडे बघितलं नाही. तो तिलाच म्हणाला, "कॉलरीत आतनं हिरव्या दोऱ्याची चांदनी हाय. कोट घातला त्याच दिवशी बघितली. तसली चांदनी मास्तरांच्या समद्या सदऱ्यांवर हाय. वाळत घातलेलं बघितलंय मी तुमच्या दारात."

लग्न झालं त्या वर्षी अनुसयानं माझ्या कपड्यांवर ती खूण घालायला सुरुवात केली होती. सातवा कोट माझा होता. क्लॅरिनेट वाजवायचो तेव्हाचा. संक्रांतीच्या आधी, माझा नवा कोट फाटला म्हणून दोन वराती मी तोच घातला होता, आणि तेव्हाही माझ्या कमरेला खाज होती. मला ते माहीत होतं. सोपानला कोट काढायला सांगताना माहीत होतं.

"मग त्या दिशी बोलला का न्हाईस?" अनुसया म्हणाली.

"वरातीत? समद्यांच्या देखत?" सोपान म्हणाला. "मास्तर हुते ते, वैनी."

मी पुढं झालो. तोंड उघडलं. मैदानात ढोल वाजत होते, पोरं नाचत होती, आणि मी म्हणालो, "चांगलं वाजवलंस."

"तुमी बी, मास्तर," तो म्हणाला. "पन तिसऱ्या आलापाला घाई करतासा. पोटातनं घ्या." त्यांच्या मास्तरनं हाक मारली. तो टेम्पोत चढला.

घरी येताना आमच्या टेम्पोत पोरं गात होती, पेला हातोहात फिरत होता. अनुसया माझ्या शेजारी बसली होती.

"बोललासा?"

"बोललो."

"काय?"

"चांगलं वाजवलंस, म्हनालो."

तिनं हातात आलेला पेला पुढं दिला. मग म्हणाली, "घरी जाऊन सांगा. मैदानात सांगायची गोष्ट न्हाई ती."

"जाईन."

त्या बुधवारी सोपान दवाखान्यात आला. त्याला अनुसया भेटली. मी बँडची तालीम आहे म्हणून सांगितलं. दोन महिन्यांत त्याची मान साफ झाली, असं तिनंच मला सांगितलं. त्यानंतर दर दसऱ्याला पेला घासून ठेवताना ती एकदाच विचारायची, "गेला हुतासा?" मी म्हणायचो, "जाईन." सतरा दसरे झाले. गुऱ्हाळवाल्याच्या पोरीच्या लग्नात आम्ही ठरल्याप्रमाणे फुकट वाजवलं. सातवा कोट दर सराईला बाकीच्यांबरोबर उकळला गेला, वाळला, आतून इस्त्री झाला आणि पेटीत गेला. तो कोणी घातला नाही. तिनं कोणाला घालू दिला नाही.

बँडात गेल्या अठरा वर्षांत कोणाला नायटा झाला तर तो तिथल्या तिथे थांबतो. नवीन पोरगा आला की त्याला आधी खूण मिळते, मग वाद्य. परवाच एकाला मी कॉलर उलटी करून दाखवली आणि सगळं सांगितलं, कड आणि दोन बोटं आणि दोन आठवडे. तो म्हणाला, "मास्तर, तुमाला डॉक्टरागत म्हाइती हाय." मी त्याला सांगितलं की ही माझी माहिती नाही.

सोपान आता झऱ्यालाच असतो. पोरांना क्लॅरिनेट शिकवतो. सकाळी साडेसातची एसटी थेट त्याच्या गावात जाते. अनुसया गेल्याचं त्याला अजून कोणी कळवलेलं नाही, कारण ते मी कळवायचं आहे, आणि ते कळवण्याआधी मला दुसरं सांगावं लागेल. तिला जाऊन चार महिने झाले. मी अजून गेलेलो नाही.